मानवी भ्रूणीय मूलपेशींचे संवर्धन

फलनानंतर पाचव्या ते सहाव्या दिवशीच्या मानवी कोरकपुटीतील (पोकळ चेंडूसारख्या भ्रूणातील) अंतःपेशीसमूह, म्हणजे आतला पेशींचा पुंजका, वेगळा करून त्यातील मूलपेशी प्रयोगशाळेत अविभेदित अवस्थेत, म्हणजे विशिष्ट ऊतीच्या पेशी न बनू देता, वाढवत ठेवण्याचे तंत्र. वंध्यत्वाच्या उपचारांत उरलेले व दांपत्याने संमतीने दिलेले भ्रूण यासाठी वापरतात.

या तंत्राचे श्रेय कोणाला द्यावे याविषयी एकमत नाही. उंदराच्या भ्रूणीय पेशी १९८१ मध्ये एव्हान्स व कॉफमन यांनी केंब्रिजला आणि गेल मार्टिन यांनी कॅलिफोर्नियात स्वतंत्रपणे वाढवल्या. मानवी अंतःपेशीसमूह सिंगापूरच्या अरिफ बोंगसो यांनी १९९४ मध्येच वेगळा केला होता. म्हणून काही लेखक त्यांना आद्य मानतात. तथापि त्या पेशी दोन पुनर्रोपणांपलीकडे (नव्या ताटलीत लावण्यापलीकडे) टिकल्या नाहीत. उंदराच्या पेशींना अविभेदित राखणारा एलआयएफ हा प्रथिन घटक मानवी पेशींना पुरत नाही, हे तेव्हा स्पष्ट नव्हते. विस्कॉन्सिनच्या जेम्स थॉमसन यांनी १९९८ मध्ये ३६ भ्रूणांपासून २० कोरकपुटी, त्यांपैकी १४ चे अंतःपेशीसमूह आणि अखेर ५ पेशीमाला (प्रयोगशाळेत सतत विभाजत राहणारे पेशींचे वंश) मिळवल्या. दीर्घकाळ टिकणे हीच पेशीमालेची कसोटी मानली, तर थॉमसन यांचा दावा अधिक बळकट ठरतो. त्याच वर्षी अमेरिकेतील जॉन गिअरहार्ट यांनी वाढवलेल्या पेशी जननपेशींच्या पूर्वजांपासून मिळवलेल्या असल्याने त्यांची गणना येथे करू नये.

पेशी वाढवण्यासाठी प्रथम त्यांना आधार देणारा उंदराच्या भ्रूणीय तंतुपेशींचा थर पसरतात. मायटोमायसिन-सी या औषधाने किंवा गॅमा किरणांनी त्याची विभाजनक्षमता आधीच संपवलेली असते. २००१ पासून मॅट्रिजेल या प्रथिनयुक्त जेलच्या लेपावर, तंतुपेशींच्या थराविनाही संवर्धन होऊ लागले. तापमान ३७° से., कार्बन डायऑक्साइड ५%, माध्यमात (पोषक द्रवात) एफजीएफ-२ हा वाढ-घटक. निरोगी वसाहत चपटी, दाट व रेखीव कडांची दिसते. कडा विस्कटल्या की विभेदन सुरू झाले असे समजावे आणि तेवढा भाग खरवडून टाकावा. पेशी सुट्या केल्या तर बहुतेक मरतात, म्हणून वसाहतीचे लहान पुंजके करून नव्या ताटलीत लावतात. वाय-२७६३२ या रॉक-रोधकाने (रॉक या विकराला रोखणाऱ्या रसायनाने) ही मर पुष्कळ कमी होते, हे जपानी संशोधकांनी २००७ मध्ये दाखवले. रूढ पद्धतीत माध्यम रोज बदलतात. त्याला रविवार नाही आणि अनंत चतुर्दशीही नाही.

पुण्यात पेशीसंवर्धनाचे मुख्य केंद्र म्हणजे गणेशखिंड येथील विद्यापीठाच्या आवारातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र. प्राणी-ऊती व पेशीसंवर्धनाची राष्ट्रीय सुविधा म्हणून ते सुरू झाले. तेथील भांडारातून देशभरच्या संशोधकांना पेशीमाला पुरवल्या जातात. भ्रूणीय पेशीमालांची निर्मिती मात्र मुख्यतः मुंबई व बंगळुरू येथे झाली. मुंबईत परळ येथील प्रजनन-आरोग्य संशोधन संस्थेची किंड-१ आणि बंगळुरूची बीजेएनहेम-१९ या त्यांपैकी होत.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद (आयसीएमआर) व केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मानवी भ्रूण १४ दिवसांपलीकडे, किंवा आदिरेषा (भ्रूणावर शरीराचा अक्ष दाखवणारी पहिली रेषा) त्याआधी उमटल्यास तिच्यापुढे, वाढवता येत नाही. संस्थेच्या मूलपेशी समितीची मान्यता आवश्यक असते. दीर्घ संवर्धनात २० व्या गुणसूत्राच्या दीर्घ भुजेचा एक भाग वाढीव होण्याची प्रवृत्ती आढळते, त्यामुळे गुणसूत्रांची तपासणी ठरावीक काळाने करावी लागते.