ओनाआ

ओनाआ : खरेदी-विक्रीत वाजवी भावापेक्षा फार जास्त वा फार कमी दाम लावून झालेली नाडणूक आणि तिच्या परिमार्जनाचे ज्यू धर्मशास्त्रातील नियम. बायबलमधील ‘लेवीय’ या ग्रंथातील 25:14 हे त्यांचे मूळ वचन. मिश्ना या ज्यू कायदासंग्रहातील (संकलन इ. स. सु. 200) ‘बाबा मेत्सिया’ या प्रकरणाच्या चौथ्या अध्यायात त्याचे विवेचन येते.

मिश्ना नाडणुकीची मर्यादा 24 माआंच्या सेलामागे 4 माआ (सेला व माआ ही नाणी), म्हणजे षष्ठांश ठरवते. वस्तू एखाद्या व्यापाऱ्याला किंवा नातलगाला दाखवण्यापुरताच अवधी ग्राहकाला मिळतो. लोदचे रब्बी तार्फोन यांनी मर्यादा एक तृतीयांश केली, तेव्हा व्यापारी हर्षले. मात्र तक्रारीची मुदत त्यांनी दिवसभराची करताच व्यापाऱ्यांनी जुना नियम पत्करला. जादा नफ्यापेक्षा सौदा लवकर पक्का होणे बाजाराला मोलाचे वाटे, हे यातून स्पष्ट दिसते.

षष्ठांश कशाचा, याविषयी बॅबिलोनियातील राव व श्मुएल (तिसरे शतक) या धर्मपंडितांमध्ये मतभेद आहे. सहाची वस्तू सातला वा पाचला विकली, तर ती नाडणूक हे दोघांनाही मान्य. पाचची वस्तू सहाला गेली, तर वस्तूच्या मोलावरून मोजणाऱ्या रावच्या मते षष्ठांश ओलांडला जातो आणि सौदा मोडतो. श्मुएल दिलेल्या रकमेवरूनही मोजतो, म्हणून त्याच्या मते फरक परत करून भागते. मध्ययुगीन ज्यू धर्मपंडित मैमोनिडीझने (मृ. 1204) श्मुएलचाच पक्ष घेतला असून तो अधिक व्यवहार्य वाटतो. राव व श्मुएल यांच्यानंतरच्या रावा या बॅबिलोनियातील पंडिताने सूत्र घालून दिले : षष्ठांशाहून कमी फरक असल्यास सौदा कायम, नेमका षष्ठांश असल्यास सौदा कायम पण फरक परत, अधिक असल्यास सौदा रद्द. विक्रेता नाडला गेल्यास त्याला अवधीचे बंधन नाही, कारण दाखवायला वस्तू त्याच्याजवळ उरलेली नसते. जमीन, गुलाम, ऋणपत्रे व मंदिराला अर्पिलेली मालमत्ता यांना ओनाआ लागू नाही.

सदोष मालाचा तंटा वेगळा असून त्याला ‘मेकाह ताउत’ म्हणतात. बैल मारका निघाल्यास रावच्या मते सौदा रद्द होतो. तो कापण्यासाठी विकला होता, असे विक्रेता म्हणू शकतो, हे श्मुएलचे मत. दोष उशिरा कळला तरी माल परत करता येतो. कळल्यावरही तो वापरल्यास हक्क जातो.

‘शुल्हान आरुख’ या ज्यू विधिसंहितेमध्ये (व्हेनिस, 1565) हे नियम ‘होशेन मिश्पात’ विभागात आहेत. निवाडा ‘बेथ दिन’ या तीन न्यायाधीशांच्या पीठापुढे होतो. दोन्ही पक्षांनी एकेक आणि त्या दोघांनी तिसरा न्यायाधीश निवडण्याची प्रथाही आहे.