आर्चबिशप आफ्र यांना बंडखोरांनी मारलं?

पॅरिसचे आर्चबिशप देनी आफ्र यांना 1848 च्या जूनमध्ये, पॅरिसमधल्या कामगारांच्या बंडात, कामगारांनी ठार मारलं, असं सर्रास सांगितलं जातं. पण ते इतकं सरळ नाही. 25 जूनला सरकारी सेनापती काव्हेन्याकनी धोक्याची कल्पना देऊनही आफ्र बास्तीय चौकात गेले. पुढे एक माणूस शांततेची खूण म्हणून हिरवी फांदी धरून चालला होता. ते बॅरिकेडवर चढले, तोच गोळीबार पुन्हा सुरू झाला आणि एक गोळी त्यांना लागली. बंडखोरांनीच त्यांना उचलून जवळच्या पाद्र्याच्या घरी नेलं. सोबतच्या व्हिकार जनरलनी (आर्चबिशपचे मुख्य सहायक पाद्री) तर लेखी दिलं, की गोळी बॅरिकेडवाल्यांची वाटली नाही. (1871 ला कम्यूनने, म्हणजे पॅरिसमधल्या बंडखोर सरकारने, गोळ्या घातल्या त्या तेव्हाचे आर्चबिशप दार्ब्वा यांना, बहुधा घोळ तिथलाच.) आफ्र 27 जूनला वारले. गोळी कुणाची, हे कधीच सिद्ध झालं नाही.