साठ हजार माइल्स असूनही गोल्ड का मिळत नाही?

“कार्डावरचे सगळे पॉइंट्स विमान कंपनीकडे वळवले. खात्यात ६०,००० माइल्स दिसताहेत. गोल्ड दर्जाला ५०,०००च लागतात. मग गोल्ड का होत नाही?” हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की उत्तर एकदाच नीट लिहून ठेवतो. दोन्ही आकडे बरोबर आहेत, पण ते दोन वेगळ्या वह्यांतले आहेत.

पहिली वही तुम्हाला पाठ आहे. विमानाने गेलात, कार्ड वापरलंत, हॉटेलात राहिलात, कंपनीच्या पोर्टलवरून खरेदी केलीत की माइल्स जमा होतात, आणि पुरेसे साठले की त्यांतून तिकीट निघतं. त्या तिकिटाला कृपा करून ‘फुकट’ म्हणू नका. कर आणि विमानतळाचं शुल्क रोख भरावं लागतं, काही कंपन्या त्यावर आपला अधिभारही चढवतात. चांगल्या सवलतीतलं साधं तिकीट कधीकधी त्याहून परवडतं. या वहीबद्दल इतकं पुरे.

दुसरी वही दर्जाची. सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम या पायऱ्या हिच्यावरून ठरतात. लाउंज, जादा सामान, चेक-इनची वेगळी रांग हे सगळं हिच्यामुळे मिळतं. एमिरेट्स तिच्यातल्या नोंदींना टिअर माइल्स म्हणते, सिंगापूर एअरलाइन्स एलिट माइल्स, क्वांटास स्टेटस क्रेडिट्स, एअर फ्रान्स-केएलएम एक्सपी. नावांत फारसं काही नाही. तरी दोन्ही वह्यांत ‘माइल्स’ हाच शब्द वापरण्यावर माझा राग आहे, कारण निम्मा घोळ तिथेच सुरू होतो. ब्रिटिश एअरवेजने खर्चायचे ते ‘एव्हिऑस’ आणि दर्जाचे ते ‘टिअर पॉइंट्स’ अशी सरळ फोड केली आहे. सगळ्यांनीच तसं करायला हवं.

आता मुद्द्याचं. पहिली वही म्हणजे गल्ला आणि दुसरी म्हणजे हजेरीपट. गल्ल्यात पैसा कुठूनही येऊ शकतो. हजेरी मात्र जो वर्गात बसला त्याचीच लागते. कार्डाचे वळवलेले पॉइंट्स, पोर्टलवरच्या खरेदीचे माइल्स, हॉटेलचे, सणासुदीच्या बोनसचे, थेट विकत घेतलेले, हे सगळे गल्ल्यात पडतात. विमान कंपन्यांच्या बहुतेक माइल्स कार्यक्रमांत त्यांतला एकही हजेरीपटावर चढत नाही. तिथे त्या कंपनीच्या किंवा तिच्या भागीदार कंपनीच्या विमानात, पैसे भरून काढलेल्या तिकिटावर केलेला प्रवासच मोजला जातो. ऑनलाइन कमावलेले लाखभर माइल्स खात्यात असले तरी हजेरीपटावर शून्य असू शकतं, आणि त्यात कुणाची चूक नसते.

असं का, हे कळलं की गोष्ट डोक्यात पक्की बसते. १९८१ साली अमेरिकन एअरलाइन्सने अॅडव्हांटेज कार्यक्रम सुरू केला, तेव्हा माइल्स म्हणजे उडून कापलेलं अंतर. पुढे कंपन्या हेच माइल्स बँकांना विकू लागल्या आणि बँका ते कार्डधारकांना वाटू लागल्या. माइल्स हे एक चलन झालं. चलन कुणाच्याही हातात असू शकतं, म्हणून खरोखर सतत उडणारा प्रवासी कोण हे त्यावरून ओळखता येत नाही. त्यासाठी हजेरी वेगळी मांडावी लागते.

हजेरीपट म्हटलं की बाकीचे नियम आपोआप उलगडतात. हजेरी ठरावीक मुदतीची असते, म्हणून बहुतेक ठिकाणी दर्जाची मोजणी वर्षाने पुन्हा शून्यावर येते. गल्ल्यातले माइल्स खर्चले तरी हजेरी कमी होत नाही, त्यामुळे ‘तिकीट काढलं तर माझं सिल्व्हर जाईल’ ही भीती सोडून द्या. कुटुंबाने गल्ला एकत्र करायची सोय काही कार्यक्रमांत असते, पण घरच्यांच्या प्रवासावर तुम्हाला दर्जा मिळत नाही. वर्गात तुम्हीच बसायला हवं.

एक मोठा अपवाद आहे आणि गैरसमजाला तोच खतपाणी घालतो. अमेरिकन एअरलाइन्सने २०२२ पासून दर्जा ‘लॉयल्टी पॉइंट्स’वर ठरवायला सुरुवात केली. त्यांत कंपनीच्या कार्डावरचा खर्च आणि खरेदी पोर्टलवरचे मूळ माइल्सही धरले जातात. तिथेसुद्धा कार्ड घेतल्याचा स्वागत बोनस आणि विकत घेतलेले माइल्स धरत नाहीत. एका कंपनीचा हा नियम वाचून लोक तो जगभर लावतात आणि तिथेच फसतात.

माझा मामेभाऊ असाच फसला. वर्षभर राखलेले कार्डाचे पॉइंट्स गोल्डच्या आशेने त्याने एका झटक्यात एका विमान कंपनीकडे वळवले. गोल्ड मिळालं नाही, आणि वळवलेले पॉइंट्स सहसा परत येत नाहीत. कार्डावर होते तोवर ते अनेक कंपन्यांकडे जाऊ शकत होते. आता एकाच खात्यात अडकले, तेही मुदत घेऊन. सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायर कार्यक्रमात ही मुदत तीन वर्षांची असते, डेल्टाचे माइल्स मुदतीने बाद होत नाहीत. ठरलेल्या तारखेचं तिकीट समोर दिसत असेल तेव्हाच पॉइंट्स वळवावेत, हे मी प्रत्येकाला सांगतो.

स्वस्त तिकीट शोधणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. सवलतीचं तिकीट दोन्ही वह्यांत कमी भरतं. डेल्टा आणि युनायटेडने २०१५ मध्ये, अमेरिकनने २०१६ मध्ये आपल्या उड्डाणांचे माइल्स अंतराऐवजी तिकिटाच्या किमतीला जोडले. प्रति डॉलर ५ माइल्स धरले, तर कर वगळून २०० डॉलरच्या तिकिटावर हजारच येतात, मग प्रवास कितीही लांबचा असो. डेल्टाच्या सर्वांत खालच्या, बेसिक दराच्या तिकिटावर तर माइल्स मिळतच नाहीत. जिथे अजून अंतरावर हिशेब चालतो, तिथे बुकिंग क्लासचं, म्हणजे तिकीट कोणत्या दराचं आहे ते सांगणारं, अक्षर बघा. एकाच विमानातल्या दोन इकॉनॉमी तिकिटांवर वेगवेगळे माइल्स पडतात ते त्या अक्षरामुळे.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. वर्षातून दोन-तीनदा, स्वतःच्या खिशातून प्रवास करत असाल तर दर्जाचा नाद सोडा. स्वस्त दर पकडा आणि ऑनलाइन जे सहज जमेल त्याने गल्ला भरा. वर्षअखेरीला थोडीशी हजेरी कमी पडते म्हणून गरज नसलेला प्रवास करणारे पाहिले की मला वाईट वाटतं. त्या पैशांत पुढच्या सहलीचं तिकीट आलं असतं.

ज्यांना नोकरीपायी महिन्यातून दोनदा विमान गाठावं लागतं, त्यांनी मात्र हजेरीपट जपावा, आणि एकाच कार्यक्रमात. एका उड्डाणाची नोंद एकाच कार्यक्रमात होते. स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या आघाडीतल्या तीन कंपन्यांच्या विमानांतून गेलात आणि प्रत्येक ठिकाणी तिथलाच सदस्य क्रमांक दिलात, तर तीन अर्धवट हजेरीपट हाती राहतील. तिन्हीकडे एकच क्रमांक दिलात तर तिन्ही उड्डाणं एका पटावर येतील, आणि तिथे मिळालेलं गोल्ड स्टार अलायन्सच्या बाकीच्या कंपन्याही मानतील. क्रमांक तिकीट काढतानाच घाला, आणि माइल्स खात्यात येईपर्यंत बोर्डिंग पास फेकू नका. नोंद राहून गेली तर मागायला तो लागू शकतो.