बस फुगडी आणि ओटीपोटाचा तळ

श्रावण जवळ आला की कोथरूडच्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मंगळागौरीच्या खेळांची तालीम सुरू होते. वयं पस्तिशीपासून सत्तरीपर्यंत, आवाज मात्र सगळ्यांचे वरच्या पट्टीतले. दोन वर्षांपूर्वी आमच्यातल्या एक काकू अचानक "मी आपली गाणी म्हणते" म्हणून खुर्चीत बसायला लागल्या. यांची बस फुगडी बघायला शेजारच्या सोसायटीतल्या बायका यायच्या. गुडघे असतील, असं आम्ही धरून चाललो. पन्नाशीनंतर बाई बसली की कारण गुडघेच असतात. निदान सांगायचं कारण तरी तेच असतं.

खरं कारण तालमीनंतर चहाची भांडी विसळताना कळलं. "संध्याकाळ झाली की खाली काहीतरी उतरल्यासारखं होतं गं. परवा आंघोळ करताना हाताला गोळाच लागला." क्षणभर नुसता नळाचा आवाज. मग शेजारी उभी असलेली एकजण कप पुसता पुसता म्हणाली, "मलाही." आणि हॉल झाडायला आलेल्या मावशी केरसुणी टेकवून म्हणाल्या, "माझं तर बारा वर्सं झाली. दाबून आत घालते आन कामाला लागते." या मावशी सहा घरची धुणीभांडी करतात. चौथी मी. मला त्रास किरकोळ होता, पण जिना उतरताना जाणवायचा आणि तो मी आईलासुद्धा सांगितलेला नव्हता.

या दुखण्याला आपल्याकडे नाव नाही असं मुळीच नाही. आजीच्या पिढीत 'अंग बाहेर येणं' म्हणत, 'पिशवी उतरली' म्हणत. चरकानं सांगितलेल्या वीस योनिव्यापदांमध्ये 'महायोनी' आहे, सुश्रुतानं 'प्रस्रंसिनी' वर्णिली आहे. डॉक्टर 'पेल्व्हिक ऑर्गन प्रोलॅप्स' म्हणतात. शब्द भरपूर होते, ते मोठ्यानं उच्चारायला जागा नव्हती.

नेमकं काय उतरतं, हे समजून घ्यायला बाळाची झोळी आठवा. आढ्याला बांधलेले दोर, दोरांना लुगड्याची झोळी, झोळीत बाळ. आता समजा, झोळीच्या तळाला कुणी खालून पाट टेकवून धरलाय. तो आहे तोवर दोरांवर फारसा भार नाही. पाट काढला की सगळं वजन दोरांवर येतं. दोर लगेच तुटत नाहीत. रोज थोडे थोडे ताणतात आणि झोळी इंच इंच खाली येते.

आपल्या शरीरात दोर म्हणजे गर्भाशयाला मागे माकडहाडाच्या वरच्या हाडाशी आणि बाजूंना बांधून ठेवणारे तंतुबंध. झोळीचं कापड म्हणजे योनिमार्गाच्या भिंतींभोवतीचं चिवट आवरण. पाट म्हणजे ओटीपोटाचा तळ. पुढच्या जघनास्थीपासून मागच्या माकडहाडापर्यंत पसरलेला हा स्नायूंचा पडदा, लेव्हेटर एनाय नावाचा. हा पाट लाकडाचा नाही, जिवंत आहे. दंडाचा स्नायू आपण वापरू तेव्हाच आवळतो, हा मात्र झोपेतसुद्धा थोडा आवळलेला असतो. त्याच्यात पुढच्या बाजूला एक फट असते. मूत्रमार्ग, योनिमार्ग आणि गुदमार्ग तिच्यातूनच बाहेर पडतात. स्नायू तगडा असेल तर फट मिटलेली राहते आणि वरचे अवयव पाटावर बसल्यासारखे निवांत असतात. स्नायू सैलावला किंवा हाडापासून सुटला की फट रुंदावते, आणि मग दोर ताणायला लागतात.

मराठीतला 'पिशवी' हा शब्द इथे थोडा फसवतो. बहुतेक वेळा पहिल्यांदा उतरते ती गर्भाशयाची पिशवी नसतेच. योनिमार्गाची पुढची भिंत सैल पडली तर मूत्राशय त्यात डोकावतं, मागची पडली तर गुदाशय. अमेरिकेतल्या 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या मोठ्या पाहणीत गर्भाशय असलेल्या, पाळी गेलेल्या स्त्रियांपैकी 41 टक्के जणींमध्ये काही ना काही उतरलेलं आढळलं. मूत्राशय सुमारे 34 टक्क्यांत, गुदाशय 19 टक्क्यांत, गर्भाशय 14 टक्क्यांत. काहींमध्ये एकाहून जास्त. म्हणजे 'पिशवी काढून टाका, कटकट मिटेल' या सल्ल्यात गोम आहे. पिशवी काढली तरी पाट सैलच राहतो, आणि पुढे योनिमार्गाचं वरचं टोकच खाली येऊ शकतं.

पाट सैलावतो कशानं? सगळ्यात मोठं कारण बाळंतपण. 2004 साली संशोधकांनी संगणकावर या स्नायूचं प्रारूप करून त्यातून बाळाचं डोकं बाहेर काढून पाहिलं. डोकं बाहेर येण्याच्या क्षणी सगळ्यात आतला पट्टा मूळ लांबीच्या 3.26 पट ताणला गेला. एरवी शरीरातला स्नायू इजा न होता सुमारे दीडपट ताण सोसतो. यातून बहुतेक बायका धडधाकट बाहेर पडतात हेच नवल, असं मला हा आकडा वाचून वाटलं. चिमटा लावून झालेल्या बाळंतपणात स्नायू हाडापासून सुटण्याचा धोका वाढतो. ऑक्सफर्डच्या एका दीर्घ अभ्यासात मूल न झालेल्या स्त्रियांच्या तुलनेत एका बाळंतपणानंतर या त्रासासाठी इस्पितळात दाखल होण्याची शक्यता चौपट, दोनांनंतर आठपटीहून जास्त दिसली. बाकीची कारणं हळूहळू काम करतात: जुनाट खोकला, बद्धकोष्ठ, वाढलेलं वजन, पाण्याच्या बादल्या, पाळी गेल्यावर कमी होणारं इस्ट्रोजेन. आणि आईकडून आलेला तंतूंचा कच्चेपणा, ज्यात कुणाचाच दोष नाही.

मग इतक्या जणींना असेल तर कळत कसं नाही? डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांमधल्या 650 स्त्रिया तपासल्या आणि 1989 साली निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापले. 92 टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग होता, आणि त्यासाठी आधी कधी तपासणी-उपचार झालेल्या जेमतेम 8 टक्के. त्याच्याही शंभरेक वर्षं आधी, 1883 साली, आनंदीबाई जोशी अमेरिकेला निघताना बंगालमधल्या श्रीरामपूरच्या भाषणात हेच सांगत होत्या की इथल्या बायका पुरुष डॉक्टरला आपलं दुखणं सांगत नाहीत. आता पुण्यात स्त्री-डॉक्टरांना तोटा नाही. तरी आमच्या काकूंनी आठ महिने गुडघ्यांवर ढकललं.

तपासायला गेल्यावरही एक गंमत होते. हे दुखणं गुरुत्वाकर्षणाशी बांधलेलं असल्यामुळे सकाळी कमी आणि दिवस उतरता उतरता जास्त. सकाळी अकराची वेळ घ्या, टेबलावर आडव्या पडा, गोळा गायब. काकूंना पहिल्या ठिकाणी "तसं फारसं काही नाही, वयाचं आहे" असं ऐकून परत यावं लागलं. दुसऱ्या डॉक्टरांनी संध्याकाळी बोलावलं, जोर करायला लावला, मग उभं करून पाहिलं. 1996 पासून जगभर वापरात असलेल्या पद्धतीत योनिमुखाच्या पडद्याची कडा ही शून्याची खूण धरून प्रत्येक भिंत किती सेंटिमीटर वर किंवा खाली आहे ते मोजतात. काहीतरी बाहेर आल्याची जाणीव बहुतेकींना या कडेच्या आसपासच सुरू होते. त्यामुळे तपासणीत थोडं उतरलेलं दिसलं पण त्रास काहीच नसला, तर काही करायची गरज नसते.

उपचारांची सुरुवात व्यायामानं. आर्नल्ड केगल यांनी 1948 साली तो मांडला म्हणून सगळीकडे त्यांचं नाव. वाचायला सोपा: वारा अडवताना आवळतो तसं आवळा, आत-वर ओढा, धरा, पूर्ण सोडा. करायला अवघड, कारण दिसत काहीच नाही. 1991 च्या एका लहानशा अभ्यासात 47 स्त्रियांना नुसतं तोंडी सांगून व्यायाम करायला लावला. तो नीट जमला निम्म्या जणींनाच, आणि चौथाई जणी अशा पद्धतीनं करत होत्या की फायद्याऐवजी तोटा व्हावा. आमच्या चौघींपैकीही दोघी वर ओढायच्या ऐवजी बाळंतपणातल्यासारख्या कळा देत होत्या. फिजिओथेरपिस्टबाईंनी एकेकीला तपासल्यावर ते उघडकीला आलं. त्यातली एक मी. पदवी जीवशास्त्राची, पण स्नायूला पदवी कळत नाही.

या व्यायामानं अवयव जागेवर परत जात नाहीत, ताणलेले दोर आखूड होत नाहीत. पाट मजबूत होतो आणि जडपणा कमी होतो. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या 447 स्त्रियांवर झालेल्या, 2014 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वर्षभरानंतर व्यायाम शिकवलेल्या गटाचा त्रास इतरांपेक्षा कमी भरला. ब्रिटनमधल्या मार्गदर्शक सूचना सौम्य प्रोलॅप्ससाठी, देखरेखीखाली, किमान 16 आठवडे सांगतात. सोळा आठवडे! दिवाळीचा फराळ सोडून कुठलीही गोष्ट आम्ही इतकी सलग केलेली नाही.

इथे बायकांच्या घोळक्याचा उपयोग होतो, आणि तो मोजलाही गेलाय. कॅनडात साठीपुढच्या, लघवी गळण्याचा त्रास असलेल्या 362 स्त्रियांचे दोन गट केले. आधी प्रत्येकीला आवळायचं कसं ते स्वतंत्र शिकवलं. मग काहींना बारा आठवडे एकेकटीनं, काहींना आठजणींच्या वर्गात व्यायाम. वर्षानंतर गळण्याच्या प्रसंगांत एकटीच्या गटात मध्यमानानं 70 टक्के घट, वर्गातल्या गटात 74. दुखणं प्रोलॅप्सचं सख्खं शेजारी, स्नायू तोच. वर्गात शिकणं एकटीनं शिकण्यापेक्षा कुठेही उणं पडलं नाही.

आमचा वर्ग मंगळवारी आणि शुक्रवारी, तालमीआधी वीस मिनिटं. मोजायचं काम मावशींकडे, कारण त्या दहा म्हणजे दहाच मोजतात. बाकीच्या सातावर उडी मारतात. आणखी एक युक्ती तिथेच पाठ झाली: शिंक, खोकला, उचल यांच्या क्षणभर आधी तळ आवळून घ्यायचा. वरून दाब येण्याआधी पाट टेकवून ठेवायचा, एवढंच.

माझं आणि 'मलाही' म्हणणाऱ्या मैत्रिणीचं व्यायामावर भागलं. तिचं गुदाशय उतरलेलं. इसबगोल, भरपूर पाणी आणि संडासात कुंथत न बसणं, याचा तिला व्यायामाइतकाच उपयोग झाला. काकूंना रिंग बसवली. सिलिकॉनची ही पेसरी बांगडीसारखी, पुढे जघनास्थीच्या मागे आणि वर गर्भाशयाच्या मुखामागे अडकून भिंतींना आधार देते. योग्य मापाची असली तर आत आहे हे कळतही नाही. "भरताना कासाराकडे जशी मापाची बघतो तशीच," काकू म्हणाल्या. रिंग की शस्त्रक्रिया, यावर नेदरलँड्समध्ये 440 स्त्रियांची तुलना झाली. दोन वर्षांनी रिंग गटातल्या 76 टक्के आणि शस्त्रक्रिया गटातल्या 81 टक्के जणींनी बरं वाटतं म्हटलं. पण रिंग गटातल्या निम्म्याहून जास्त जणी मधल्या काळात शस्त्रक्रियेकडे वळल्या होत्या, हेही सांगायला हवं.

मावशींना शस्त्रक्रियाच हवी होती. या बाबतीत मुंबईच्या सर्जनांचं नाव जगात आहे. डॉ. वि. ना. शिरोडकर आणि डॉ. पुरंदरे यांनी गर्भाशय न काढता ते पट्टीनं वर टांगून धरायच्या पद्धती बसवल्या. आपल्याकडे हा त्रास तरुण, अजून मूल हवं असलेल्या मुलींनाही होतो, हे त्यांना रोज दिसत होतं.

जाळीची गोष्ट मात्र वेगळ्या कारणानं लक्षात ठेवण्यासारखी आहे. योनिमार्गातून कृत्रिम जाळी बसवायची पद्धत पश्चिमेत झपाट्यानं पसरली. कुणाला वेदना, कुणाला जाळी भिंतीतून बाहेर आलेली. प्रत्येकीला वाटायचं, आपल्या एकटीलाच. स्कॉटलंड, इंग्लंड, ऑस्ट्रेलियात या बायका एकमेकींना सापडल्या, बोलल्या, तेव्हा सुटे सुटे किस्से जुळून नमुना दिसायला लागला. 2019 च्या एप्रिलमध्ये अमेरिकेनं प्रोलॅप्ससाठी अशी जाळी विकणं थांबवायला लावलं. ब्रिटनच्या 2020 च्या चौकशी अहवालात या स्त्रियांचं कुणी ऐकलं नाही, असं स्पष्ट नोंदवलंय. (पोटातून बसवायच्या जाळीचा हिशेब वेगळा. ती अजून वापरतात.) चहाच्या वेळच्या गप्पांना मी तेव्हापासून निरीक्षणं म्हणते.

फक्त निरीक्षण म्हणजे डॉक्टरांची चिठ्ठी नव्हे. काकूंना रिंग मानवली म्हणून ती मावशींना मानवेल असं नाही. आणि पाळी गेल्यावर रक्त दिसलं किंवा लघवी अडली, तर घोळक्यात विचारत न बसता सरळ दवाखाना गाठायचा.

मावशींची शस्त्रक्रिया ठरली तेव्हा खरा प्रश्न शरीराचा नव्हताच. सहा घरं, दीड महिना, पगार कोण देणार? जखमेच्या जागचे नवे तंतू सहा आठवड्यांत जेमतेम निम्मी ताकद धरतात, तीन महिन्यांत ऐंशी टक्क्यांच्या आसपास. पूर्वीइतकी कधीच नाही. बाळंतिणीचा सव्वा महिना याच हिशेबाच्या जवळपास येतो, तो आपण पाळतोही. पण धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या टाक्यांसाठी सव्वा महिना पाळायची रीत नाही. पाच घरांनी पूर्ण पगार दिला. सहाव्या घराशी काकू स्वतः बोलायला गेल्या. काय बोलल्या माहीत नाही, पगार आला.

बाकीची मदत अगदी बारीक होती. डबे, कारण घरच्यांना स्वयंपाक येत होता पण पातेली उचलायला हीच उठायची. खोकला झाल्याबरोबर औषध. सिलिंडर आणि पाण्याचे हंडे मुलाकडे. रात्री दहाला एक फोन, कारण तिसऱ्या आठवड्यात "सगळं परत खाली येतंय" अशी भीती वाटते, आणि ती बहुतेक वेळा नुसती सूज असते. मी त्यांना एक अभ्यास सांगितला होता: खुर्चीतून नुसतं उठताना पोटात जो दाब होतो, तो ओट्यावरचं आठ-नऊ किलोचं वजन उचलण्यापेक्षा जास्त भरला. मावशी म्हणाल्या, "मग उठूच नको म्हनता का?" आवळून, श्वास सोडत उठा, एवढंच म्हणायचं होतं. आता त्या कामावर अर्धी बादली उचलतात आणि दोन फेऱ्या मारतात. ज्यांना वेळ लागतो असं वाटतं, त्यांनी स्वतः भरून न्यावी.

यंदाच्या मंगळागौरीत बस फुगडी आणि कोंबडा तरुण मुलींकडे गेलेत. काकू झिम्म्यात आणि पिंग्यात आहेत, मावशी पहिल्यांदाच आमच्यासोबत नऊवारी नेसून. परवा रंगीत तालमीत कुणीतरी उदबत्ती लावली आणि मला मोठी शिंक आली. गाणं थांबवून तिघी एका सुरात ओरडल्या, "आवळलंस का?"