पार्श्वभूमी: गप्पांच्या अॅपमध्ये मांडलेला गल्ला

१९९२ च्या डिसेंबरात पहिला एसएमएस गेला, तेव्हा त्यावर कोणी दुकान चालवील असे वाटण्याचे कारण नव्हते. १६० अक्षरांत भावताव मावत नाही आणि मालाचा फोटो तर नाहीच. २००९ नंतर व्हॉट्सअॅप, काकाओटॉक, वीचॅट आणि लाइन ही अॅप पाठोपाठ आली आणि हे चित्र बदलले. वीचॅटने २०१३ मध्येच पैसे देण्याची सोय आत आणली. व्हॉट्सअॅपवर क्रम उलटा होता: विक्रेते आणि गिऱ्हाईक आधीच तेथे येऊन बसले आणि व्यावसायिकांसाठीचे वेगळे अॅप त्यानंतर, २०१८ च्या जानेवारीत आले. तोवर "हा रंग शिल्लक आहे का?" हा प्रश्न, फोटोवर बोटाने काढलेले वर्तुळ आणि व्हॉइस नोटमध्ये सांगितलेला पत्ता एवढ्यावर व्यवहार पुरे होत होते. २०१४ मध्ये आलेली निळी खूण संदेश वाचल्याचे दाखवण्यापुरती होती. तिला पोचपावतीचा मान व्यवहार करणाऱ्यांनीच देऊन टाकला.

या उलट्या क्रमामुळे एका संज्ञेचा गुंता झाला. एप्रिल २०१६ पासून व्हॉट्सअॅपच्या सर्व संदेशांना 'एंड-टू-एंड एन्क्रिप्शन' लागू झाले, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा या दोन टोकांखेरीज मजकूर कोणालाही वाचता येऊ नये. भावंडांच्या बोलण्यात ही टोके कोणती, हे विचारावे लागत नाही. समोर व्यवसाय असेल तर मात्र ते टोक म्हणजे दुकानदाराचा फोन, उत्तरे देणारे दहा कर्मचारी, की व्यवसायाने संदेश सांभाळायला नेमलेली तिसरी कंपनी? जानेवारी २०२१ मध्ये नव्या अटी मान्य करण्याची सूचना वापरकर्त्यांच्या पडद्यावर आली, तेव्हा वाद पेटला तो याच प्रश्नाभोवती. बदल मुख्यत्वे व्यवसायांशी होणाऱ्या संवादाबाबत आहेत, घरच्या गप्पांना धक्का लागत नाही, असे व्हॉट्सअॅपची मालक कंपनी फेसबुक (आताची मेटा) हिचे म्हणणे होते. ते चूक नव्हते, पण 'मान्य करा, नाहीतर वापर सोडा' अशा धाटणीच्या सूचनेत हा भेद कोणाला दिसणार? शिवाय २०१६ मध्ये वापरकर्त्यांची काही माहिती मालक कंपनीकडे देण्याचा निर्णय झालेला होता, आणि फेसबुक व व्हॉट्सअॅपची खाती एकमेकांशी जोडण्याच्या शक्यतेबद्दल, व्हॉट्सअॅप विकत घेताना दिशाभूल केल्यावरून युरोपातील नियामकाने २०१७ मध्ये ११ कोटी युरोंचा दंडही केला होता. अविश्वास निराधार नव्हता. ८ फेब्रुवारीची मुदत १५ मेपर्यंत पुढे गेली आणि दरम्यान सिग्नल व टेलिग्राम यांच्याकडे लोकांची रीघ लागली.

गटांपुरता मोठा निर्णय फॉरवर्डच्या मर्यादेचा. अफवांतून झालेल्या हिंसेनंतर २०१८ मध्ये भारतात एका वेळी पाच ठिकाणी ही मर्यादा आली, जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लागू झाली, आणि एप्रिल २०२० पासून वारंवार फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येऊ लागला. गटाची सदस्यमर्यादा मात्र २०२२ मध्ये १,०२४ पर्यंत वाढली.

त्याच वर्षी व्यवसायांचे संदेश मालक कंपनीच्याच सर्व्हरवर हाताळणारी सेवा सर्वांना खुली झाली. अशा चॅटच्या माथ्यावर आता तसे सांगणारी बारीक ओळ दिसते. तिच्यावर बोट ठेवले तरच खुलासा उघडतो; न ठेवता थेट ऑर्डर लिहिता येते.