औषधी वनस्पतींचे डीएनए बारकोडिंग

वनस्पतीच्या डीएनएमधील एक ठरावीक छोटा तुकडा (हाच तिचा ‘बारकोड’) वाचून तिची जाती ओळखण्याची पद्धत. पाने-फुले गेलेली, वाळलेली किंवा कुटलेली वनौषधी ओळखायला ती विशेष उपयोगी पडते.

वडोदऱ्यात यासाठी अशोकाचेच उदाहरण घ्यावे. रस्त्याकडेला सरळसोट वाढणाऱ्या झाडाला गुजराती शेजारी आसोपालव म्हणतात, दांडिया बाजारातल्या मराठी घरांत तेच ‘अशोक’. (आसोपालव या नावातही अशोक डोकावतोच.) त्याच्या पानांची तोरणे होतात. अशोकारिष्टाला मात्र साल लागते ती सीताअशोकाची, म्हणजे सराका असोकाची. केशरी-तांबड्या फुलांचे हे झाड शेंगा धरणाऱ्या कुळातले, तर आसोपालव सीताफळाच्या. झाडे शेजारी उभी असली तर पोरही फरक सांगेल. पण साल वाळून तिचे तुकडे पोत्यात भरले की जाणत्यालाही खात्री देता येत नाही. सीताअशोक दुर्मिळ होत चालल्याने भेसळ वाढते. शंखपुष्पीची तऱ्हा वेगळी: या एकाच नावाने कुठे विष्णुक्रांता, तर कुठे गोकर्ण विकली जाते. याला भेसळ म्हणावे की परंपरा, हे बारकोड सांगत नाही.

कॅनडातील जीवशास्त्रज्ञ पॉल हेबर्ट यांनी २००३ मध्ये प्राण्यांसाठी मांडलेला जनुकतुकडा वनस्पतींत फारच सावकाश बदलतो, म्हणून चालला नाही. २००९ मध्ये हरितलवकातील आरबीसीएल आणि मॅटके या दोन जनुकांच्या तुकड्यांची जोडी सुचवली गेली; त्या चाचणीत तिने सुमारे ७२ टक्के जाती वेगळ्या काढल्या. जवळच्या जातींसाठी आयटीएस-२ हा तुकडा जोडीला घेतात.

सालीतून डीएनए काढणे हेच कटकटीचे. टॅनिन या सालीतल्या तुरट द्रव्यामुळे द्रावण तपकिरी होते आणि पुढची पीसीआर, म्हणजे तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याची क्रिया, अडते. म्हणून टॅनिन धरून ठेवणारी द्रव्ये घालून ते पुन्हा शुद्ध करावे लागते. तुकड्यातील डीएनएच्या अक्षरांचा मिळालेला क्रम आधीच नावानिशी नोंदलेल्या क्रमांच्या संदर्भसाठ्याशी ताडतात. तिथल्या नोंदीवरच चुकीचे नाव असेल, तर यंत्र तीच चूक ठामपणे परत करते. म्हणून प्रत्येक क्रमामागे तज्ज्ञाने ओळखून जपलेला वाळवलेला नमुना हवा. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागातल्यासारख्या संग्रहांचे मोल इथे कळते.

औषधी द्रव्य किती, हे बारकोडवरून कळत नाही; त्यासाठी रासायनिक चाचणी लागते. काढा उकळताना आणि अरिष्ट मुरताना डीएनएचे तुकडे होतात, त्यामुळे बाटलीतल्या औषधावर ही पद्धत बहुधा फसते. नमुना घ्यायचा तो साल कढईत पडण्याआधी, पोत्यातूनच.