पार्श्वभूमी : मेडिटेरेनियन आहाराच्या गुणपत्रिकेत दुधाची जागा

लहान मुलांचे वजन, दमा, वरचेवर होणारी सर्दी या सगळ्याची सांगड मेडिटेरेनियन आहाराशी घालणाऱ्या बातम्या आता नव्या राहिलेल्या नाहीत. अशा बहुतेक बातम्यांच्या मुळाशी एक गुणपत्रिका असते. आईवडील प्रश्नावली भरतात, त्यावरून मुलाला गुण मिळतात, आणि जास्त गुणांची मुले कमी गुणांच्या मुलांपेक्षा निरोगी निघाली की मथळा तयार. या आहारात काय काय येते ते एव्हाना सगळ्यांना पाठ झाले आहे. गुण कशाला द्यायचे आणि कशाचे कापायचे हे कोणाकडे बघून ठरले, ते मात्र क्वचितच सांगितले जाते. त्यातला सर्वात मोठा घोळ दुधाचा आहे.

ऑलिव्ह, गहू आणि द्राक्षे यांचा भूमध्य समुद्राच्या (मेडिटेरेनियन) किनाऱ्यावरचा इतिहास हजारो वर्षांचा असला तरी आपल्या कामाची गोष्ट दुसऱ्या महायुद्धानंतर सुरू होते. 1948 साली ग्रीक सरकारच्या निमंत्रणावरून एका अमेरिकन प्रतिष्ठानाने क्रीट बेटावर घरोघरी पाहणी केली. तिचा अहवाल 1953 मध्ये निघाला. उद्देश होता युद्धाने पिचलेल्या बेटाची आर्थिक घडी बसवण्याचा. भाकरी, कडधान्ये, रानभाज्या आणि भरपूर ऑलिव्ह तेल हे तिथले जेवण अहवालात तपशिलाने उतरले आहे. ते जेवणाऱ्या माणसांना मात्र आणखी मांस हवे होते, हेही त्यात आहे. पुढे जगभर आदर्श ठरलेले हे ताट मुळात नाइलाजाचे होते.

1958 साली सुरू झालेल्या हृदयविकाराच्या अभ्यासाने या ताटाला वैद्यकीय प्रतिष्ठा दिली. सात देश, 12,763 माणसे, आणि सगळे 40 ते 59 वयाचे पुरुष. एकही बाई नाही, एकही मूल नाही. क्रीटच्या 686 पुरुषांमध्ये हृदयविकाराचे मृत्यू फार कमी निघाले आणि तिथून क्रीटचे नाव झाले. त्यांच्या जेवणाची प्रत्यक्ष मोजदाद यातल्या अगदी थोड्यांचीच झाली. त्यातली एक फेरी ईस्टरपूर्व उपवासाच्या काळात आली होती, यावर नंतर बरीच वादावादी झाली. ऑर्थोडॉक्स परंपरेत या उपवासात मांस, दूध, चीज वर्ज्य असते आणि लहान मुलांना त्यातून सूट असते. म्हणजे त्या आठवड्यांत बापाच्या आणि पोराच्या ताटात तसाही फरक असणार. पोराचे ताट मोजणे या अभ्यासाच्या कामातच नव्हते.

1993 साली अमेरिकेतल्या केंब्रिजमधल्या परिषदेत या आहाराचा पिरॅमिड काढला गेला. शेजारी वाइनचा पेला होताच. 1995 मध्ये ग्रीक खेड्यांतल्या सत्तरी ओलांडलेल्या 182 म्हाताऱ्यांच्या अभ्यासातून पहिली गाजलेली गुणपद्धत आली. 2003 मध्ये 22,043 ग्रीक प्रौढांच्या अभ्यासात तिला माशांची जोड मिळून एकूण नऊ बाबी झाल्या. पद्धत सरळ आहे. भाज्या, फळे, कडधान्ये, मासे वगैरे पदार्थ अभ्यासातल्या मधल्या माणसाइतके (निम्मे लोक त्याच्याहून कमी खाणारे, निम्मे जास्त) किंवा त्याहून जास्त खाल्ले तर एक गुण. मांस आणि दुग्धपदार्थ त्याच्याहून कमी खाल्ले तर एक गुण. मद्य बेताचे घेतले तरी एक गुण! इथे दूध उणे बाजूला गेले. त्यामागचे कारण प्रौढांपुरते पटण्यासारखे होते: संपृक्त स्निग्धांश कमी ठेवायचा होता, आणि जुन्या ग्रीक खेड्यात दूध प्यायले जाई त्यापेक्षा चीज आणि दह्याच्या रूपातच जास्त खाल्ले जाई.

मुलांची पाळी 2004 साली आली. स्पेनमध्ये 2 ते 24 वयाच्या 3,850 मुलामुलींच्या पाहणीवरून सोळा प्रश्नांची एक चाचणी प्रसिद्ध झाली आणि आजही मुलांच्या अभ्यासात सर्वात जास्त तीच वापरली जाते. उत्तर फक्त हो किंवा नाही. बारा प्रश्नांना ‘हो’ म्हटले की एक गुण मिळतो, चार प्रश्नांना ‘हो’ म्हटले की एक जातो. न्याहारी टाळणे, आठवड्यातून एकाहून जास्त वेळा फास्ट फूड, न्याहारीला कारखान्यातला गोड पाव-केक आणि दिवसातून अनेकदा गोळ्या-मिठाई हे चार उणे. आठ किंवा त्याहून जास्त गुण म्हणजे उत्तम. त्या पहिल्या पाहणीत 46.4 टक्के उत्तम गटात बसले.

या सोळांत दूध दोनदा येते आणि दोन्ही वेळा अधिक बाजूला. न्याहारीला दूध किंवा दही असेल तर एक गुण, दिवसभरात दोन दह्याचे कप किंवा 40 ग्रॅम चीज असेल तर आणखी एक. हाडे वाढीला लागलेली असतात, प्रथिने आणि कॅल्शियम हवे असते, म्हणून हा बदल. बालरोगाच्या दृष्टीने तो योग्यच म्हणायला हवा. पण मग जे आपण मोजतो आहोत ते क्रीटच्या पुरुषांचे ताट उरत नाही, बालआहाराचा सर्वसाधारण शहाणपणा उरतो. दोन्हींना एकाच नावाखाली विकणे मला खटकते.

एवढ्यावर थांबले असते तरी एकवेळ चालले असते. 2007-08 मध्ये युरोपातल्या आठ देशांत 2 ते 9 वयाच्या सुमारे 16 हजार मुलांची मोठी पाहणी सुरू झाली. तिच्यातले मेडिटेरेनियन गुण काढणाऱ्यांनी प्रौढांचीच चौकट घेतली, मद्य तेवढे वगळले. भाज्या, फळे, मासे, धान्ये जास्त तर गुण, आणि मांस व दुग्धपदार्थ कमी तर गुण. आता दोन वर्षांची एक मुलगी डोळ्यांसमोर आणा. सकाळी वाटीभर दही, दुपारी मसूर आणि भात, संध्याकाळी फळ आणि पुन्हा दही. स्पॅनिश चाचणीत दह्याने तिचे दोन गुण वाढतात. आठ देशांच्या पद्धतीत त्याच दह्याने ती हातचा गुण गमावू शकते. तिच्या जेवणात काहीही बदललेले नाही. आणि दोन्ही निष्कर्ष छापून येतात तेव्हा मथळ्यात शब्द एकच असतो.

हो-नाहीच्या प्रश्नात प्रमाण मावत नाही ही दुसरी अडचण. 40 ग्रॅम चीज चोवीस वर्षांच्या खेळाडूलाही तेवढेच आणि दोन वर्षांच्या मुलालाही तेवढेच. इटलीत बाळाचे वरचे अन्न सुरू करताना बटाटा, गाजर, झुकिनी उकळून गाळलेल्या पाण्यात बारीक पास्ता शिजवतात, वरून चमचाभर कच्चे ऑलिव्ह तेल आणि चमचाभर किसलेले पार्मेजान चीज घालतात. याहून अस्सल मेडिटेरेनियन घास कोणता? पण तो चमचा 40 ग्रॅमच्या आसपासही जात नाही. उलट, एक ते तीन या वयात ऊर्जेचा 30 ते 40 टक्के वाटा स्निग्धांशातून यायला हवा आणि दुसऱ्या वाढदिवसापर्यंत सायीचेच दूध द्यावे, असे सांगितले जाते. त्याच वेळी दिवसाला अर्धा लिटरहून जास्त दूध पिणारे मूल जेवत नाही आणि त्याचे लोह घसरते, ही तक्रारही बालरोगतज्ज्ञांच्या रोजची. कमी दूध वाईट, जास्त दूधही वाईट. एका गुणाच्या उण्या-अधिकात हे बसवायचे कसे?

बाकीच्या प्रश्नांकडेही या वयाच्या नजरेने पाहिले की अशाच फटी दिसतात. सुका मेवा आठवड्यातून दोन-तीनदा खाल्ला तर एक गुण, पण पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खा बदाम-अक्रोड देऊ नये, घशात अडकतो. फळ किंवा फळांचा रस असा पर्याय 2004 मध्ये होता. आता अमेरिकन बालरोगतज्ज्ञ पहिल्या वर्षात रस नकोच म्हणतात आणि तीन वर्षांपर्यंत दिवसाला 120 मिलिलिटरपेक्षा जास्त देऊ नका म्हणतात. मासे हवेत, पण पाऱ्यामुळे दहा वर्षांखालच्या मुलांना स्वोर्डफिश आणि ब्लूफिन ट्यूना देऊ नका, असे स्पेननेच 2019 मध्ये सांगितले. त्याआधी, 2011 मध्ये, नायट्रेटमुळे पालक आणि चार्ड या पालेभाज्यांना बाळाच्या पहिल्या वर्षातल्या भरड्यात जागा नको, आणि तीन वर्षांपर्यंत दिवसाला एकच वाढप, असे तिथूनच जाहीर झाले होते. कडधान्यांतले फावा बीन तर सार्डिनिया आणि ग्रीसमध्ये पिढ्यान्‌पिढ्या काही मुलांच्या, विशेषतः लहान मुलग्यांच्या, जिवावर बेतत आले आहे. जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असेल तर त्या शेंगांनी तांबड्या पेशी फुटतात. ही कमतरता मुंबईच्या पारशी समाजातही नोंदलेली आहे. आपल्याकडे ऑलिव्ह तेल बाळाच्या ताटात येण्याआधी कितीतरी वर्षे बाळाच्या अंगाला चोळले जात होते, तेव्हा या तपशिलांची गरज कोणाला पडली नाही. आता आहारतक्ते जसेच्या तसे येतात, म्हणून सांगावे लागते.

2010 मध्ये स्पेन, ग्रीस, इटली आणि मोरोक्को यांनी मिळून हा आहार संयुक्त राष्ट्रांच्या अमूर्त वारशाच्या यादीत नेला. 2013 मध्ये सायप्रस, क्रोएशिया आणि पोर्तुगाल त्यात आले. सोरिया, कोरोनी, चिलेन्तो, शेफशाउएन ही गावे-प्रदेश त्याचे प्रतिनिधी ठरले. पर्यटनाला त्याचा फायदा झाला. मुलांच्या ताटाचे काय झाले ते दुसऱ्या आकड्यांत आहे. आठ देशांच्या त्या पाहणीत सर्वात जास्त मेडिटेरेनियन जेवणारी मुले स्वीडनची निघाली आणि सर्वात कमी सायप्रसची. दक्षिण इटलीतल्या केंद्रावर, म्हणजे चिलेन्तो ज्या प्रांतात आहे त्याच कांपानियात, वजन जास्त असलेल्या मुलांचे प्रमाण 40 टक्क्यांच्या वर गेले होते. 2018 मध्ये जाहीर झालेल्या 2015-17 च्या युरोपीय आकडेवारीत ग्रीस, इटली, स्पेन, सायप्रस, माल्टा आणि सान मारिनो इथल्या शाळकरी मुलग्यांत लठ्ठपणा 18 ते 21 टक्के होता. नॉर्वे, डेन्मार्क, फ्रान्समध्ये तो 5 ते 9 टक्के. स्वीडनचा पहिला नंबर दुग्धपदार्थांना उणे धरूनही आला, हे विशेष. आठ देशांच्या त्या पाहणीत जास्त गुणांच्या मुलांत जादा वजन कमी आढळले, एवढे मात्र मान्य करायला हवे.

फायदा होतो का, याचा पुरावा या वयात अजून पातळ आहे. स्पेनच्या मेनोर्का बेटावरच्या, 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात साडेसहा वर्षांच्या मुलांची श्वासातली घरघर कमी असण्याचा संबंध जुळला तो आईच्या गरोदरपणातल्या आहाराशी. स्पेनमधल्याच सिउदाद रेआल शहरात 1 ते 5 वयाच्या, सतत सर्दी होणाऱ्या मुलांना वर्षभर पारंपरिक आहार देऊन सुधारणा नोंदवली गेली, पण तुलनेला दुसरा गट नव्हता. वर्षभरात मूल एका वर्षाने मोठे होते आणि सर्द्या आपोआपही कमी होतात. प्रत्यक्ष आहार बदलून पाहणाऱ्या ज्या स्पॅनिश चाचणीचा (वरची सोळा प्रश्नांची नव्हे) सर्वत्र दाखला दिला जातो ती 55 ते 80 वयाच्या 7,447 जणांची, आणि कोणाला कोणत्या गटात टाकायचे यातल्या चुकांमुळे 2013 चा तिचा निबंध 2018 मध्ये मागे घेऊन दुरुस्त करून पुन्हा छापावा लागला. मुलांवरची एक दीर्घ चाचणी स्पेनमध्ये सुरू आहे. तीत 3 ते 6 वयाची मुले आहेत. एक ते तीनमधली तिच्यातही नाहीत.